मनोरुग्णांवरचे माहितीपट गावोगाव दाखवावेत का?

मांडवीकाठ (पणजी)
नीझे दा सिल्वेरा हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. ब्राझीलमधल्या रिओच्या मनोरुग्णालयात विजेचे झटके आणि मेंदूची शस्त्रक्रिया ही तेव्हाची रीत. या डॉक्टरबाईंनी त्याला साफ नकार दिला आणि १९४६ साली तिथंच चित्रकलेची कार्यशाळा उघडली. त्या चित्रांचं १९५२ साली संग्रहालय झालं. पुढं लिऑन हिर्शमन यांनी तिघा रुग्ण-चित्रकारांवर तीन भागांचा माहितीपट केला. मेंदूच्या त्या शस्त्रक्रियेबद्दल लिस्बनच्या एगास मोनिझ यांना १९४९ साली नोबेल मिळालं. तेव्हा गोवाही लिस्बनच्याच अमलाखाली होता, म्हणून ही गोष्ट मला परकी वाटत नाही.

असे माहितीपट मराठी-कोकणी सबटायटल देऊन देवळांच्या सभागृहांत दाखवावेत. इफ्फी हा चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत होतो, पण सत्तरी तालुक्यातली एखादी आई तिथं पास काढून येणार नाही. जत्रेच्या नाटकाला मात्र ती हमखास येते.

सत्तरीवाली
ताई, माझा विरोध आहे. माझा भाऊ आजारी आहे. गावच्या आरोग्य केंद्रात त्याच्या गोळ्या कधी असतात, कधी नसतात. नसल्या की बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. त्यात कुणीतरी मोबाइलवर असलाच व्हिडिओ बघून आईला म्हणालं, "गोळ्या कशाला घालता, चित्रं काढायला लावा." आईनं गोळ्या बंद केल्या. पंधरवड्यात तो रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. हे पडद्यावर कुणी दाखवत नाही.

घुमटवाला (फोंडा)
गोळ्या बंद करा असं वर कुणीच म्हटलेलं नाही. आमच्या मामाच्या हातांना गोळ्यांनी कंप सुटायचा, चहाचा कप धरवत नसे. चवथीच्या आरतीला मात्र मांडीवर घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं वाद्य, घेतलं की डावा हात तोंडावर, उजवा चामड्यावर, आणि ताल कधी चुकला नाही. तेवढा वेळ तो कुणाचा "पिसा" नव्हता, आमचा वाजवणारा होता. उपचार गोळ्यांनी झाले, हे मान्यच. पण घरात त्याची जागा राहिली ती त्या घुमटामुळं.

वकिलीण, मडगाव
माझा आक्षेप कॅमेऱ्यावर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो वा माहिती माध्यमांना देता येत नाही. गोव्यात वाड्यावरचा माणूस पाठमोराही ओळखू येतो. आज उत्साहात होकार देईल, उद्या बहिणीच्या सोयरिकीत तोच माहितीपट आडवा येईल. संमती कधीही मागे घेता आली पाहिजे, आणि ऑनलाइन गेलेलं परत घेता येत नाही.

मांडवीकाठ
वकीलताई, खासगीपणाची दुसरी बाजूही बघा. अमेरिकेत फ्रेडरिक वाइजमन यांनी १९६७ साली ब्रिजवॉटरच्या तुरुंगवजा मनोरुग्णालयावर "टिटिकट फॉलीज" केला. नागवे ठेवलेले रुग्ण, त्यांना चिडवणारे पहारेकरी, सगळं त्यात आहे. रुग्णांच्या खासगीपणाचं कारण देऊन कोर्टानं तो सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी बंद केला, तो थेट १९९१ पर्यंत. झाकलं गेलं ते पहारेकऱ्यांचं वागणं. आपल्याकडं २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून गेले. कुणी आधी आत जाऊन चित्रीकरण केलं असतं तर?

वकिलीण, मडगाव
अन्याय उघड करायला जरूर जा. पण तुमचा प्रस्ताव कौतुकाच्या माहितीपटांचा आहे, त्याला ही ढाल चालणार नाही.

सत्तरीवाली
गोव्याचंच उदाहरण घ्या की. संगाथ संस्थेनं डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं. त्या कामाचा अभ्यास २०१० साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात आला. ना रंग, ना कॅमेरा. कुणीतरी ओळखीच्या भाषेत बसून ऐकलं. पैसा थोडाच आहे, तो आधी तिकडं जाऊ दे.

घुमटवाला (फोंडा)
मग दोन्ही जोडूया. परदेशी माहितीपट लावा, म्हणजे गावातलं कुणी पडद्यावर येणार नाही. आणि संपल्यावर असा एक समुपदेशक सभागृहात हवा.

सत्तरीवाली
तो त्याच रात्रीपुरता येणार, की महिन्यातून एकदा तरी परत येणार? माहितीपट संपला की गावाच्या नजरा आमच्याच घराकडं वळणार आहेत. याचं उत्तर मिळेपर्यंत माझा विरोध कायम.