पूररेषेतल्या घरांचा विमा गावाने मिळून उतरवावा का?

कृष्णाकाठ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोसले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि कित्येक गावांत आठवडाभर हललं नाही. २०२१ नंतर राज्याने नेहमीच्या निकषांपेक्षा जास्त मदत दिली, तरी पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि निम्म्या पडझडीला ५० हजार. एवढ्यात घर उभं राहत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. पूर आणि पाणी साचणं तिच्या मूळ संरक्षणातच येतं. माझं म्हणणं असं, की ग्रामपंचायतीने एप्रिलमध्ये शिबिर लावावं, कागद गोळा करावेत, दोन-तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवावेत आणि पूरपट्ट्यातल्या प्रत्येक घराची पॉलिसी मे संपण्याआधी हातात द्यावी. गरीब घरांचा हप्ता पंचायतीने भरावा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर एजंटला फोन करून काही मिळत नाही.

जोतं आधी

विरोध आहे. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या टप्प्यात, घर विम्याने सुरक्षित होत नाही. फक्त पुन्हा त्याच जागी बांधलं जातं. निळी आणि लाल रेषा (साधारण १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) यांमधल्या पट्ट्यात राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर बांधायला हवं. गावात हे किती घरांनी पाळलंय? लाल रेषा जमिनीपासून सहा-सात फुटांवर असेल तिथे भराव घालून जोतं वाढवणं परवडत नाही. तिथे कॉलमवर घर आणि खाली मोकळी जागा, हाच मार्ग. काळ्या मातीत कॉलमचा पाया फुगणाऱ्या-आकसणाऱ्या थराच्या खाली न्यायचा. खोल काळी माती असेल तर अंडररीम पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेला जमिनीतला काँक्रीटचा खांब, किमान साडेतीन मीटर. पंचायतीकडे पैसा असेल तर तो इथे जावा.

कृष्णाकाठ

@जोतं आधी, नवीन घरासाठी पूर्ण मान्य. पण पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, कौलारू, साठ वर्षांचं घर कॉलमवर कसं चढवणार? ते पाडून नवीन बांधेपर्यंत मधली वर्षं उघड्यावर काढायची का?

नुकसानमापक

दाव्यांच्या बाजूने लिहितो, कारण दोघांच्याही म्हणण्यातला अवघड भाग तिथे आहे.

पहिली गोष्ट रक्कम. विमा जागेच्या बाजारभावाचा नसतो, बांधकाम खर्चाचा असतो: चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम दर. समजा ६०० चौरस फूट आणि दर १,८०० रुपये, तर १० लाख ८० हजार. घरातल्या सामानाला वेगळी यादी न देता या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, संरक्षण आपोआप मिळतं. इथे २ लाख १६ हजार. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. या पॉलिसीत रक्कम कमी लिहिली म्हणून प्रमाणात कपात होत नाही, पण भरपाईची मर्यादा लिहिलेल्या रकमेवरूनच ठरते. हप्ता वाचवायला सहा लाख लिहिले, तर घर पूर्ण गेल्यावर भरपाईही त्याच्याच आसपास.

दुसरी गोष्ट बँक. घरकर्ज आहे म्हणजे विमा आहे असं बरेच जण धरून चालतात. कर्जासोबतची पॉलिसी पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याची असते, घराची नसते. घराची असली तरी रक्कम कर्जाएवढीच असू शकते आणि पैसे आधी कर्जखात्यात जातात. पॉलिसीचा कागद काढून 'कशाचा विमा' ही ओळ वाचा.

तिसरी आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट तडे. काळी माती पाण्याने फुगते आणि पूर ओसरल्यावर वाळताना आकसते. त्यामुळे मोठ्या भेगा कधी कधी महिन्या-दीड महिन्याने दिसतात, तोवर पाहणी होऊन गेलेली असते. मग वाद सुरू: ही भेग पुराची की घर बसल्याची? नेहमीचं बसणं आणि जुनी झीज पॉलिसीत येत नाही. उपाय साधा आहे. मेच्या शेवटी प्रत्येक भिंतीचा आतून-बाहेरून, तारखेसह फोटो. जुन्या भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची दोन इंच रुंद आडवी पट्टी मारून तिच्यावर तारीख लिहायची. पुरानंतर पट्टी तुटली तर भेग वाढल्याचा पुरावा भिंतीवरच आहे. पहिल्या पाहणीच्या वेळीच 'वाळल्यावर पुन्हा पाहणी करावी' असा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

गावठाण उतारा

शिबिराची कल्पना कागदांवर अडेल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घर आजोबांच्या नावावर, राहतात तिघे भाऊ, आणि हप्ता भरणार त्यातला एक. दावा कोणाला द्यायचा? आणि पंचायतीला दुसऱ्याच्या घराचा विमा स्वतःच्या नावाने घेता येत नाही, कारण नुकसान तिचं होत नाही. पॉलिसी घरमालकाच्या नावानेच हवी. म्हणून शिबिर एप्रिलमध्ये नको, दिवाळीनंतर लावा. आधी वारसनोंद करा आणि गावठाणातल्या घरांच्या मोजणीच्या स्वामित्व योजनेतलं मालमत्ता पत्रक आलं असेल तर त्याची प्रत काढा. नमुना ८ वरचं क्षेत्रही मोजून घ्या. नंतर वाढवलेली खोली बहुतेक उताऱ्यांत नसते आणि पडते तीच.

पाणीपातळी

घराघराचे कागद जुळवत बसण्यापेक्षा पातळीवर आधारलेला विमा का नको? ठरलेल्या मोजपट्टीवर ठरलेली पातळी ओलांडली की ठरलेली रक्कम थेट. पाहणी नाही, पंचनामा नाही. नागालँड सरकारने राज्याच्या पातळीवर पावसाच्या आकड्यांवर चालणारा असा विमा घेतलेला आहे.

नुकसानमापक

@पाणीपातळी, पट्टी कोणती घेणार? आयर्विन पूल वारणेच्या संगमाच्या वर आहे. राजाराम बंधाऱ्यावर फक्त पंचगंगा मोजली जाते, तीही कोल्हापूरजवळ. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात, दूधगंगा आणखी खाली. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढे जायला वाट राहत नाही आणि पाणी मागे फुगतं. म्हणजे सांगलीची पट्टी खाली येऊ लागली तरी कुरुंदवाड पाण्यातच असू शकतं. चुकीची पट्टी निवडली तर घर बुडालेलं आणि विमा शून्य. नृसिंहवाडी किंवा कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याची पातळी घेतली तर विचार करता येईल, पण भिंतीच्या दुरुस्तीला तो पुरणार नाही. पहिल्या पंधरा दिवसांच्या खर्चाला मात्र चांगला.

जोतं आधी

ठीक, जुन्या घरांपुरतं मान्य करतो. पण पॉलिसी आहे म्हणून दाराला प्लास्टिक आणि वाळूच्या पोती लावून पाणी बाहेर अडवणारे लोक दिसतात, त्यांना थांबवा. बाहेर एक मीटर पाणी असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा येतो, दोन मीटरला २,००० किलो. मातीच्या जुडाईची भिंत आत कोसळते. दोन फुटांच्या वर पाणी येणार असेल तर सामान माळ्यावर टाका, वीज मेन स्विचवरून बंद करा, संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबा म्हणजे टाकीतली घाण उलटी येणार नाही, आणि पाणी आत येऊ द्या. ओसरल्यावर चिखल ओला असतानाच काढा, पण भिंत पूर्ण वाळल्याशिवाय गिलावा नको. ओल आत कोंडली की लोणा लागतो आणि वर्षभरात गिलावा सुटतो.

गावठाण उतारा

चिखल काढण्याआधी फोटो! भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी उभी धरलेली टेप, फ्रिज आणि पंपावरच्या नंबरांच्या पट्ट्या. कंपनीला लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत. तलाठी आणि ग्रामसेवकांच्या पंचनाम्याची प्रत मागा, सरकारी मदत मिळो न मिळो. घर पाण्यात होतं याची ती सरकारी नोंद आहे.

कृष्णाकाठ

मग शिबिर दिवाळीनंतर. वारसनोंद आणि मोजणी फेब्रुवारीपर्यंत, दर मार्चमध्ये, पॉलिसी एप्रिलमध्ये, फोटो आणि भेगांवरच्या पट्ट्या मेमध्ये. निळ्या रेषेतल्या घरांचं काय, यावर @जोतं आधी यांच्याशी माझं अजूनही पटत नाही. पर्यायी जागा मिळेपर्यंत त्या घरांचा हप्ता पंचायतीने आधी भरावा, कारण पाणी पहिल्यांदा तिथेच शिरतं.

जोतं आधी

भरा, पण एकेका वर्षाचाच. ही पॉलिसी दहा वर्षांपर्यंत घेता येते, आणि दहा वर्षांची घेतली तर जागा बदलण्याचा विषय ग्रामसभेत पुन्हा कोणी काढणार नाही.