तळ्यात माशांच्या जाती वाढवल्या, तर पाणी सुधारते का?

रंकाळाकाठ (प्रश्न): आमच्याकडे कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या हिरव्या पाण्याचा विषय निघाला की ‘आणखी चार जातींचे मासे सोडा, जैवविविधता वाढेल आणि पाणी आपोआप सुधारेल’ हा सल्ला हमखास मिळतो. जातींची संख्या आणि तलावाचे कार्य यांचा संबंध खरोखर इतका सरळ आहे का?

पाणवनस्पती: संबंध आहे, पण सरळ नाही. अमेरिकेतील ब्रॅडली कार्डिनाल यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 150 कृत्रिम ओढ्यांमध्ये एक ते आठ जातींची शेवाळे वाढवून ती पाण्यातील नायट्रेट हे पोषकद्रव्य किती वेगाने शोषतात हे मोजले होते. आठ जाती एकत्र नांदत होत्या तिथे हा वेग एकाच जातीच्या ओढ्यांतील सरासरीच्या सुमारे 4.5 पट भरला, कारण काही जाती खळाळत्या धारेत तग धरत होत्या, तर काही संथ पाण्यात. मात्र प्रवाह सगळीकडे सारखा करताच एकच जात वरचढ ठरली आणि विविधतेचा लाभ उरला नाही. मला प्रयोगाचा हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो; उथळ काठ, पाणगवत, गाळ आणि खोल पाणी असे वेगवेगळे आसरेच नसतील, तर नव्या जाती राहणार कुठे?

कळंब्याचा गळकरी: शिवाय कोणता मासा सोडता हेही पाहावे लागते. सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा तळ उकरून खातो, त्यामुळे गाळ आणि त्यातील, शेवाळाला पोसणारा फॉस्फरस वर येऊन पाणी गढूळ होते. गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो, आणि त्याच वनस्पतींच्या आडोशाने शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी माशांपासून वाचत असतात. कागदावर दोन जाती वाढल्या, तरी पाणी मात्र अधिकच हिरवे होऊ शकते.

रंकाळाकाठ: मग केंदाळाचे, म्हणजे जलपर्णीचे काय? तेही पोषकद्रव्ये शोषतेच की.

पाणवनस्पती: शोषते, परंतु त्याचा जाड थर पसरला की खाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि ते तिथेच कुजले तर शोषलेले सारे पुन्हा पाण्यात मिसळते. म्हणून काढलेले केंदाळ काठावर न टाकता दूर न्यावे. अर्थात सांडपाणी येतच राहिले, तर मासे काय आणि वनस्पती काय, कोणाचाच उपाय पुरणार नाही. आधी नाले अडवावेत, मग काठावर देशी पाणवनस्पती रुजू द्याव्यात, आणि माशांचा विचार त्यानंतर करावा.