मदत हवी आहे: घोडीसाठी शँकवाला (बाजूला दांड्या असलेला) बिट, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा भाग, कोणता घ्यावा?

दादाहो, माळेगावच्या यात्रेतून आणलेली मारवाडी घोडी आहे, साध्या स्नॅफलवर (बिनदांडीच्या बिटवर) मस्त चालती, वळती, थांबती. आता वेस्टर्न (अमेरिकन काऊबॉय) सवारीसारखं एका हातात लगाम धरून, मानेला टेकवून वळवायचं शिकवतोय म्हणून लिव्हरेजवाला (दांडीच्या जोरानं ओढ वाढवणारा) बिट घ्यायचाय. दुकानदार लांब दांडीचाच घ्या म्हणतोय, पण वरची दांडी दीड इंच अन् खालची साडेचार म्हणजे हातातली ओढ तिप्पट होऊन लागती, अन् तिचं तोंड लई नाजूक आहे ओ, एकदा बिघडलं की मग काय करायचं. आखूड दांडीचा, मधे जोड असलेला घेऊ का अखंड? हनुवटीखालची पट्टी दोन बोटं जातील एवढी ढिली ठेवणारय, साखळीपेक्षा चामड्याचीच बरी ना? परभणी-नांदेडकडं कुणी वापरलं असंल तर सांगा.