२२० केव्ही लाइन बागेतून जातेय. मार्ग बदलण्याची हरकत कशी लिहायची?

शिवेवरचा
पेपरात जाहीर सूचना आली आहे: २२० केव्ही डबल सर्किट (एकाच टॉवरवर तारांचे दोन संच) लाइन, यादीत आमचं गाव. लेखी हरकतीला दोन महिने. सर्व्हेच्या खुंट्यांवरून पाहिलं तर लाइन तीन गटांतल्या द्राक्षबागा तिरक्या कापते आणि दोन टॉवर मांडवातच येतात. उत्तरेला १०० मीटरवर ओढ्याकडेचा पडीक पट्टा आहे. ग्रामसभेचा ठराव झालाय.
हरकतीत काय असलं तर इंजिनिअर ती वाचेल? जनसुनावणी मागता येते का? आणि मार्ग नाहीच बदलला तर मांडवाचं काय?

टॉवरस्पॉटिंग
"आमच्या गावातून लाइन नको" एवढंच लिहिलं तर उत्तरही एका ओळीत येतं. पर्याय आखून द्या, आणि तो कोनांच्या भाषेत द्या.

२२० केव्हीला दोन टॉवरमधलं अंतर साधारण ३५० मीटर. सरळ रेषेतला ए टाइप टॉवर लाइनच्या २ अंशांपर्यंतच्या वळणालाच चालतो. पुढे बी टाइप १५ पर्यंत, सी ३० पर्यंत, डी ६० पर्यंत. अक्षर पुढे गेलं की लोखंड आणि पायाचं काँक्रीट दोन्ही वाढतं, आणि काळ्या मातीत पायाचा खर्च आणखी चढतो. म्हणून नुसतं "१०० मीटर सरकवा" याला अर्थ नाही. किती लांबीत सरकवायची ते सांगा.

समजा बागेच्या दोन्ही बाजूंना एकेक किलोमीटर मागून वळण सुरू केलं. टोकांना कोन ५.७ अंश, मधल्या बिंदूला ११.४. तिन्ही बी टाइपमध्ये बसतात आणि लांबी वाढते जेमतेम १० मीटर. तेच वळण ३०० मीटरमध्ये कोंबलं तर टोकांना १८ अंश, म्हणजे सी, आणि मध्ये ३७, म्हणजे डी. हा दुसरा प्रस्ताव "खर्चिक" म्हणून नाकारला जातो, आणि ते चुकीचंही नसतं.

त्याहून सोपा मार्ग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बागेच्या एक-दोन किलोमीटर मागेपुढे लाइनचा मुळातच एखादा अँगल पॉइंट, म्हणजे लाइन वळते तो बिंदू, आहे का बघा. असेल तर तोच सरकवायला सांगा. नवा अँगल टॉवर लागत नाही, फक्त आधीचे कोन बदलतात. टाइपची मर्यादा ओलांडत नाही ना, एवढं तपासायचं.

यासाठी अँगल पॉइंटचे अक्षांश-रेखांश, टॉवर शेड्यूल (टॉवरनिहाय टाइप आणि अंतरांची यादी) आणि अभ्यासलेल्या पर्यायी मार्गांचा नकाशा हवा. माहितीच्या अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणजे तुमचा निम्मा वेळ त्यातच जातो. अर्ज आजच टाका.

सातबारा_आठअ
जनसुनावणीबद्दल: पारेषण लाइन २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत नाही, त्यामुळे त्या कायद्याखालची सुनावणी होत नाही. वनजमीन लागली तर वनमंजुरी वेगळी. तुमच्या हातात आहे ती जाहीर सूचनेतली मुदत आणि लेखी हरकत. सूचनेतल्या पत्त्यावर एक प्रत, एक जिल्हाधिकाऱ्यांना, आणि दोन्हींवर आवक शिक्का. पोच नसेल तर हरकत दिलीच नाही असं समजा.

सोबत गटनकाशावर आखलेला पर्याय, बाधित गटांचे ७/१२ आणि पर्यायी मार्गातल्या खातेदारांची लेखी संमती जोडा. शेवटचा कागद सगळ्यात जड. तो नसेल तर तुमची लाइन शेजाऱ्याच्या विहिरीवर जाते आणि त्याची हरकत तुमच्या हरकतीला खाते. ग्रामसभेचा ठराव जोडा, पण तो बंधनकारक नाही.

उशीर का करू नये? विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६४ खालचे अधिकार लाइन टाकणाऱ्या कंपनीला मिळाले की १८८५ च्या तार अधिनियमातल्या तरतुदी लागू होतात. मग जमीनमालकाची पूर्वसंमती लागत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तेच सांगितलं आहे. अडवलं तर तार अधिनियमाच्या कलम १६ खाली प्रकरण जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे जातं, आणि तिथे मुद्दा बहुतेक अडथळा दूर करण्याचाच उरतो. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीश. पाया भरल्यावर मार्ग बदलण्याची आशा जवळपास सोडा.

काळी_रान
ओढ्याकडेचा पट्टा ऐकायला छान, पण पुराचं पाणी कुठवर येतं ते आधी बघा. धुपीत पाया आला तर खोल आणि महाग पाया लागतो, आणि तुमचा स्वस्त पर्याय तिथेच मरतो. टॉवर काठापासून मागे घ्या, ओढ्यावरून फक्त तारा जाऊ द्या.

हिशेबासाठी: २२० केव्हीचा कॉरिडॉर, म्हणजे लाइनखालचा पट्टा, ३५ मीटर रुंद, मध्यरेषेपासून दोन्हीकडे साडेसतरा. लाइनची दर ११५ मीटर लांबी म्हणजे जवळपास एक एकर. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि कॉरिडॉरला ३० टक्के भरपाई आहे. टॉवरची जागा म्हणजे चार पायांमधलं क्षेत्र अधिक प्रत्येक बाजूला एक मीटर. पण या केंद्राच्या सूचना राज्यावर आपोआप बंधनकारक नाहीत, राज्याचा चालू शासन निर्णय काढून वाचा. पीक आणि झाडांची भरपाई वेगळी. पंचनाम्यात वेलींची संख्या, वय आणि मांडवाचं साहित्य स्वतः मोजून लिहून घ्या; "द्राक्षबाग, एक" अशी नोंद झाली तर पुढे भांडत बसाल.

टॉवरस्पॉटिंग
मांडवाचं राहिलं. २२० केव्हीला जमिनीपासून तारेची उंची किमान सुमारे ७ मीटर, त्यामुळे मांडव तारांखाली मावतो. त्रास होतो तो प्रेरित व्होल्टेजचा, म्हणजे लाइनला न जोडताही जवळच्या तारेत उतरणाऱ्या विजेचा. लाइनला समांतर ताणलेली लांब तार जास्त घेते, आडवी कमी. दगडी किंवा लाकडी खांबांवरच्या तारा जमिनीपासून तुटलेल्या असतात, हात लावला की झटका. मांडवाच्या तारा एकमेकींना जोडून जागोजागी अर्थिंग करून घ्या, तेही लाइन चार्ज होण्याआधी, आणि या कामाची मागणी हरकतीतच पर्यायी मुद्दा म्हणून लिहा. शेजारी ऊस असेल तर लाइनखाली पाचट पेटवू नका. धूर आणि ज्वाळांनी फ्लॅशओव्हर होऊन (हवेतून ठिणगी उडून) लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. आणि नवी बोअर घ्यायची असेल तर जागा कॉरिडॉरबाहेर धरा, बोअर मशीनचा उभा मास्ट तारांखाली चालत नाही.