मदत हवी आहे: मुलीच्या शाळेत पालक म्हणून सहभागी कसं व्हावं?

मुलगी सहावीत आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. शाळेशी संबंध म्हणजे पालकसभा आणि प्रगतिपुस्तकावर सही, बस. सभेत वाट्याला पाच मिनिटं येतात, बाई म्हणतात "छान चाललंय", आणि आम्ही परत फिरतो. घरी विचारलं, "आज शाळेत काय झालं?" की उत्तर ठरलेलं: "काही नाही."

गेल्या आठवड्यात दप्तराच्या तळाशी पाण्याच्या बाटलीखाली चुरगळलेला, अर्धवट ओला कागद सापडला. विज्ञान प्रदर्शनाला पालकांनी यावं, अशी सूचना. तारीख उलटून दहा दिवस झाले होते. तिने पुठ्ठ्याचा पूल केला होता, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीच्यांचे आईबाबा आले होते का, हे विचारायचा धीर झाला नाही.

वेळ थोडा आहे, पण मनापासून काही करायचंय. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
मी बरीच वर्षं शिकवते. सभेच्या दोन दिवस आधी बाईंना चिठ्ठी पाठवा, काय विचारायचंय ते लिहून. "अभ्यास कसा आहे?" याला "छान"च उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: अडलं तर विचारते की गप्प बसते? मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असते?

शाळेत जाता येत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. अमेरिकन शिक्षण-संशोधक जॉईस एपस्टाईन यांनी १९९५ मध्ये पालक-सहभागाचे सहा प्रकार मांडले. शाळेत जाऊन मदत करणं हा त्यातला फक्त एक. घरचं पालकत्व, शाळेशी संवाद, घरी शिकण्याला साथ हेही त्यात येतं. आणि साधारण तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांवर झालेले ५० संशोधन-अभ्यास नॅन्सी हिल व डायना टायसन या संशोधकांनी २००९ मध्ये एकत्र तपासले. शिक्षण कशासाठी, पुढे काय करावंसं वाटतं, अशा बोलण्याचा प्रगतीशी सर्वांत घट्ट संबंध दिसला. गृहपाठात मदत करण्याचा तसा दिसला नाही. तेव्हा वही घेऊन शेजारी बसण्यापेक्षा त्या पुलाबद्दल विचारा. तो का टिकला, कुठे वाकला, ती नक्की सांगेल.

प्रतिसाद २
एकच छोटं काम धरा. मी महिन्यातून एका शनिवारी शाळेच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं चिकटवतो. शिक्षक आता स्वतःहून बोलतात, मुलाचे मित्रही नावानिशी ओळखीचे झालेत. फक्त जाण्याआधी मुलीला विचारा. या वयात आईबाबा अचानक वर्गात दिसले तर मुलांना फार अवघडल्यासारखं होतं.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल पुलाबद्दल विचारलं. अर्धा तास बोलत होती! मधला खांब दोनदा पडला, मग तिने पुठ्ठ्याची नळी करून लावली म्हणे. बाईंना चिठ्ठी लिहून ठेवली आहे. शाळेत यायचं विचारलं तर क्षणभर थांबून म्हणाली, "वाचनालयात ये. वर्गात नको."