मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात कोणते रंगीत मासे जमतील?

मंडळी, २ × १ × १ फुटाची टाकी आहे. वाळू-दगड धरून पाणी साधारण ५० लिटर बसतं. गाव दारव्हा तालुक्यातलं, पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८००. पाणी उडालं की काचेवर पांढरे डाग राहतात. स्पंज फिल्टर चालू आहे, घाण पचवणारे जिवाणू तयार व्हावेत म्हणून मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकून ५ आठवडे झाले. आता माशांना विषारी असलेले अमोनिया, नायट्राइट शून्य.

विचार असा: ६ गप्पी (सगळे नर, नाहीतर पिल्लांनी टाकी भरते) आणि ३ प्लॅटी माद्या. दोघांनाही क्षाराचं पाणी मानवतं. निऑन टेट्राला मऊ पाणी लागतं, म्हणून बाद. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो, तोही नको.

खरी काळजी मे महिन्याची. पाणी ३२-३३ अंशांवर गेलं की प्राणवायू कमी विरघळतो, त्यात लाइन गेली की फिल्टर बंद. मासे वर येऊन धापा टाकतात. बॅटरीवरचा एअर पंप घेतोच आहे.

विदर्भात टाकी सांभाळणाऱ्यांनी सांगावं: प्लॅटी एवढी उष्णता काढतात का? तळाशी फिरणारा कोणता मासा या पाण्यात टिकेल? दुकानदार प्लेको देतो, पण तो फूटभर वाढतो.