मदत हवी: कॅन्सर निघाला, तरी ऑपरेशनची तारीख मिळेना

घाईत_आहे: सासूबाईंच्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली. कॅन्सरच आहे. फोन केला की "पत्र येईल" एवढंच ऐकवतात. काळ्या आणि आशियाई बायकांचे उपचार गोऱ्या बायकांपेक्षा उशिरा सुरू होतात म्हणे. का? आम्ही काय करायचं? लवकर सांगा.

खवचट_काका: देश कुठला? रेफरल कधीचं? रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवरचे हार्मोन रिसेप्टर) आणि हर-२ (पेशी वाढवणारं प्रथिन) काय आलंय?

सोनचाफा: दर ३ वर्षांनी मॅमोग्राफी चुकवू नका, ५० ते ७१ वयात एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) स्वतःहून बोलावते.

घाईत_आहे: अहो, गाठ सापडलीये! इंग्लंडच, एनएचएस.

पाणपोई: जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) तातडीच्या रेफरलपासून ६२ दिवसांत पहिला उपचार व्हावा, असं त्यांचंच उद्दिष्ट आहे. रिसेप्शनचा नाद सोडा, ब्रेस्ट केअर नर्सला गाठा. दाद नाही लागली तर हॉस्पिटलच्या 'पॅल्स'कडे (पेशंटच्या अडचणी ऐकणारा विभाग) तक्रार.

खवचट_काका: उशीर बऱ्याचदा आपल्याच घरात होतो. आईचा दुभाष्या मीच होतो. मुलासमोर ती स्तनाग्रातून रक्त येतं हे बोललीच नाही. नर्सने मला बाहेर बसवलं, तेव्हा कुठे सांगितलं. दुभाषी बाई मागा, पैसे पडत नाहीत.

सडेतोड: म्हणजे खापर बायकांवरच? अमेरिकेत काळ्या बायकांना हा कॅन्सर गोऱ्या बायकांपेक्षा किंचित कमी होतो, मृत्युदर मात्र सुमारे ४० टक्के जास्त. हे काय लाजेमुळे? विमा नाही, रजा मिळत नाही, तक्रार कोणी मनावर घेत नाही. काळ्या-सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, मग स्तन लाल करून सुजवणाऱ्या इन्फ्लमेटरी कॅन्सरवर इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक चालू राहतात.

खवचट_काका: ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह असलेला) कॅन्सर काळ्या बायकांत साधारण दुप्पट आढळतो, तेही धरा की.

सडेतोड: धरलं. तो झपाट्याने वाढतो, म्हणजे त्यांना तर उशीर अजिबात परवडत नाही.

घाईत_आहे: नंतर भांडा हो! ईआर, पीआर निगेटिव्ह, हर-२ ३+. गाठ ३ सेंमी.

पाणपोई: हे आधी सांगायचं ना! ३+ म्हणजे हर-२ पॉझिटिव्ह. अशा गाठीला बहुतेकदा आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅब (हर-२वर मारा करणारं औषध) देतात, ऑपरेशन नंतर. तुम्ही केमोची तारीख विचारा. त्याआधी हृदयाचा इको लागतो, झाला का?

सोनचाफा: गव्हांकुराचा रस आजपासूनच सुरू करा.

पाणपोई: ऑन्कोलॉजिस्टला विचारल्याशिवाय काहीही देऊ नका.

घाईत_आहे: इकोचं कोणी बोललंच नाही! उद्या नर्सला धरते. रेफरलची तारीख जीपीकडे मिळेल ना?

खवचट_काका: मिळेल. आणि नवऱ्याला बाहेर बसवा.